रघुजीच्या दुकानाची बोहनी

अप्पासाहेबांना शेवटची घरघर लागली आणि त्यांच्या जावयाच्या धंद्याला पहिल्यांदाच बरे दिवस येण्याची चिन्हं दिसू लागली. ऐकायला वाईट वाटतं, पण त्याला इलाज नाही. जावयाचं, म्हणजे रघुजीचं, दुकान होतं अंत्यविधीच्या सामानाचं. बंगळूरच्या कॉटनपेठेत, अगदी हमरस्त्यावर. दुकान उघडल्याला उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दसराही झाला, तरी त्यातलं एक मडकंसुद्धा हललं नव्हतं.

पेठेत माणसं मरत नव्हती अशातला भाग नाही. नेमाने मरत होती. पण इथल्या जुन्या मराठी घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत अशी, की माणूस गेला की शेजारचे चौघे जमायचे, बांबू आणायचे, दारातच तिरडी बांधायचे. बांधताना दोरीवरून भांडायचे, गेलेल्याच्या चांगल्या-वाईट आठवणी काढायचे. तयार तिरडी विकत आणायची म्हणजे या घराला चार माणसंही नाहीत, अशी दवंडी पिटण्यासारखं होतं. आणि रघुजी विकत होता ती नेमकी तयार तिरडी. बांधलेली, गवत अंथरलेली, सोबत कापड आणि मडकं. "फक्त माणूस तुमचा," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगायचा. लोक पाय उचलून चालायला लागायचे. मग त्याने हसणं बंद केलं.

हे खूळ त्याच्या डोक्यात उगाच शिरलं नव्हतं. लष्करी गणवेश शिवायच्या कारखान्यात तो कापड कापायला होता. त्याचे वडील गेले तो कामाचा दिवस होता. धडधाकट माणसं सगळी पाळीवर गेलेली. रघुजीने मग मिळाले ते बांबू घेऊन स्वतःच तिरडी बांधली. त्याला कात्री चालवता यायची, गाठ मारता येत नव्हती. भर चौकात गाठ सुटली आणि वडिलांचा पाय बाहेर लोंबायला लागला. सगळा बाजार बघत उभा राहिला. तो पाय हाताने सावरत रघुजी स्मशानापर्यंत चालला, आणि चालता चालताच त्याने ठरवलं की या पेठेत पुन्हा कुणाची गाठ सुटू द्यायची नाही.

त्याने नोकरी सोडली. बायको पद्मावती रडली. सासरे अप्पासाहेब रडणाऱ्यांतले नव्हते. ते समाजाचे यजमान. बारशापासून बाराव्यापर्यंत पेठेत त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. त्यांनी जावयाला बोलावून एवढंच सांगितलं, "माझ्या जिवंतपणी पेठेतलं एक घर तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही." आणि दिलेला शब्द त्यांनी पाळला.

शेवटी पद्मावतीनेही निक्षून सांगितलं. दिवाळीपर्यंत बोहनी झाली तर ठीक, नाहीतर दुकानाला कुलूप लावायचं आणि नरसिंहअण्णाबरोबर कारखान्यात जायचं. नरसिंह हा तिचा थोरला भाऊ. त्याने साहेबाकडे शब्दही टाकून ठेवला होता. रघुजी "सरी", म्हणजे ठीक, म्हणाला खरा, पण मनातल्या मनात त्याचा जीव तुटत होता. तो रोज पहाटे उठून नव्या नव्या गाठी मारायचा आणि पायाने ओढून बघायचा. एकही गाठ सरकायची नाही. पण ते बघायला कुणी गिऱ्हाईक येईल तर ना.

आणि अशात अप्पासाहेबांना ताप भरला. ताप छातीत उतरला, डॉक्टरांनी मान हलवली, आणि दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी खुद्द नरसिंह दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. तो घड्याळावर जगणारा माणूस. दुःखातही त्याची नजर मनगटाकडे जात होती.

"रघुजीराव, डॉक्टर म्हणतात दुपार काढणार नाहीत," तो म्हणाला. "माझी दुपारची पाळी आहे. बांबू शोधायला, माणसं गोळा करायला वेळ कुठला? तुमची तयार आहे ना, तीच घेऊन या."

"मामांना चालेल?"

"त्यांना आता कोण विचारतंय?"

रघुजीच्या छातीत आनंदाची उकळी फुटली आणि लगेच त्याची त्यालाच किळस आली. सासरा होता तो. कितीही तोडून बोलला तरी पद्मावतीचा बाप होता. पण यजमान जर या तिरडीवरून पेठेतून गेले, तर मग पेठेत कोणत्या घराला लाज वाटणार होती? त्याने डोळे पुसले, तयार तिरड्या बाजूला सारल्या, सगळ्यांत सरळ बांबू निवडले आणि आजवर कुणासाठी बांधली नसेल अशी तिरडी बांधली. मग मल्लाप्पाच्या घोड्याच्या जटक्यावर ती आडवी टाकून तो सासुरवाडीला निघाला. जटक्याच्या दोन्ही बाजूंनी बांबू बाहेर आलेले, आणि लोक टोप्या काढून वाट देत होते.

दारात जटका थांबला तेव्हा आतून खणखणीत आवाज आला. कॉफी पातळ झाल्याबद्दल अप्पासाहेब कुणाला तरी झापत होते. ताप उतरला होता. तक्क्याला टेकून ते चांगले बसले होते.

त्यांची म्हातारी बहीण सकवारबाई धावत बाहेर आली आणि दारातली तिरडी बघून मटकन खाली बसली.

"जित्या माणसाच्या दारात हे काय आणलंत, जावईबापू?"

"नरसिंहअण्णांनी सांगितलं, आत्याबाई. नेतो परत."

"परत? बांधलेली तिरडी रिकामी माघारी नेत नसतात. ती कुणाला तरी घेऊनच जाते. घरी नेलीत तर माझ्या पद्मीवर येईल."

"मग इथेच ठेवतो, परसात."

"इथे ठेवलीत तर दादावर येईल."

"मग गाठीच सोडतो."

"बांधलेली सोडायची म्हणजे गेलेल्यांना हाका मारायच्या. अजिबात नाही."

"मग मी करू काय?"

"ते तुम्ही बघा," सकवारबाई म्हणाली. "धंदा तुमचा आहे." आणि तिने दार लावून घेतलं.

रघुजी वळून बघतो तर मल्लाप्पाने तिरडी रस्त्यावर उतरवून ठेवली होती. रिकामी तिरडी आपल्या घोड्याला चालत नाही, असं सांगून त्याने चाबूक उडवला आणि गेला. येताना ती रिकामीच होती हे त्या घोड्याला कुणी सांगितलं नसावं. खिडकीच्या गजाआड बापाच्या आजारपणासाठी आलेली पद्मावती उभी होती. तिने फक्त मान फिरवली, आणि रघुजीला ते सकवारबाईच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आता उंच माणसाच्या मापाची तिरडी एकट्याने खांद्यावर घेऊन कुठे जायचं? त्याने ती एका भिंतीला टेकवली. घरमालकीण वरच्या खिडकीतून शिव्या द्यायला लागली. देवळापाशी नेली, पुजाऱ्याने लांबूनच हात जोडले. सार्वजनिक नळापाशी गेला तेव्हा तिथल्या बायका घागरी टाकून पळाल्या. अर्ध्या पेठेच्या घागरी भरतील एवढं पाणी वाहत राहिलं आणि रघुजी त्याच्याकडे बघत उभा राहिला. त्याला वाटलं, ही इथेच टाकावी आणि तडक कारखान्याचा रस्ता धरावा. पण ती टाकणं काही त्याला जमेना. खांद्यावरून खाली ठेवली की त्याला तो लोंबता पाय दिसायचा.

इकडे रघुजी तिरडी घेऊन फिरतोय ही बातमी फिरली, आणि तिचा अर्थ पेठेने लावायचा तोच लावला. यजमान गेले. दुकानांच्या फळ्या लागल्या. फुलवाल्याने हार तयार केले. होसकोट्याहून आलेले पाहुणे मोटारीतून उतरतानाच गळा काढून रडायला लागले. सगळी गर्दी अप्पासाहेबांच्या अंगणात जमली आणि बसवंत मधोमध उभा राहिला. हा बसवंत कित्येक वर्षं पुढचा यजमान व्हायच्या तयारीत होता.

"अप्पासाहेबांसारखा माणूस पुन्हा होणे नाही," तो म्हणाला. "पेठ पोरकी झाली. तरी कुणीतरी पुढे होऊन भार उचललाच पाहिजे. म्हणजे, दुसऱ्यालाही कधी बोलू द्यावं हे त्यांना जमलं नाही, पण गेलेल्या माणसाबद्दल आता..."

"बसवंत, स्वल्प मोठ्याने बोल," आतून आवाज आला. "हल्ली मला कमी ऐकू येतं."

बसवंताच्या हातातला हार खाली पडला. नरसिंहाचा आधार घेत अप्पासाहेब उंबऱ्यात येऊन उभे राहिले. नरसिंहाची पाळी तर केव्हाच बुडाली होती. अप्पासाहेबांनी अंगणभर नजर फिरवली, हार बघितले, रडून सुजलेले पाहुणे बघितले. हे सगळं कुणाच्या कृपेने झालं ते त्यांना सांगावं लागलं नाही.

"जावईबापूंना बोलवा," ते म्हणाले. "मालासकट."

रघुजी आला. घामाने भिजलेला, खांदा सोललेला, पण तिरडी सरळ. त्याने ती अंगणात ठेवली आणि मान खाली घालून उभा राहिला. आता आपली दुकानदारी संपली हे त्याला कळून चुकलं होतं. अप्पासाहेब वाकले, बांबू वाजवून बघितला, एक गाठ नखाने उचकटायचा प्रयत्न केला. ती हलली नाही. दुसरी ओढली. तीही हलली नाही. म्हातारा चिडला.

"असली बाजारातली वस्तू दिसायलाच बरी," ते गर्दीकडे बघून म्हणाले. "माणसाचं वजन पडलं की कळेल. मी झोपतो हिच्यावर. एक गाठ जरी सरकली, तरी उद्यापासून नरसिंहाबरोबर कारखान्यात. कबूल?"

"आणि नाही सरकली तर, मामा?"

"तर मी पेठेला सांगेन, सामान तुमच्याकडून घ्यायचं म्हणून."

"कबूल," रघुजी म्हणाला.

सकवारबाई आडवी आली. जिता माणूस तिरडीवर चढतो हे तिने बापजन्मी ऐकलं नव्हतं. अप्पासाहेब तिला म्हणाले, "तूच म्हणालीस ना, रिकामी फिरवायची नाही? मग भरून फिरवू." सकवारबाई बाजूला सरकली. अप्पासाहेब सावकाश आडवे झाले, छातीवर हात बांधले आणि हुकूम सोडला, "उचला."

पुढे रघुजी आणि नरसिंह, मागे बसवंत आणि होसकोट्याचा एक दांडगा पाहुणा. अंगणात पहिली फेरी सुरू झाली. वरून सूचना चालूच होत्या. डावी बाजू खाली जातेय, पाय एकदम टाकू नका, आणि बसवंत, घाई करू नकोस, तुला वेळ मिळेल. गर्दीत आधी कुणी तोंड दाबून हसलं, मग सगळेच हसायला लागले. पद्मावती उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती.

दुसऱ्या फेरीत अप्पासाहेब गप्प झाले. आभाळाकडे बघत होते. एवढा वेळ उताणं पडून आभाळ बघायला त्यांना उभ्या आयुष्यात सवड मिळाली नसावी.

"बरं वाटतंय रे," ते म्हणाले. आवाजात एरवीची धार नव्हती. "पाठीला काही लागत नाही. चांगली बांधलीत, रघुजीराव."

नावाने त्यांनी रघुजीला पहिल्यांदाच हाक मारली होती. उंबऱ्यातून पद्मावती त्याच्याकडे बघून हसली. दुकान उघडल्यापासून ती त्याच्याकडे बघून हसलीच नव्हती.

"आणखी एक फेरी," वरून आवाज आला.

तिसरी फेरी तुळशीपाशी वळली आणि रघुजीच्या खांद्यावरचं वजन एकाएकी वाढलं. बांबू करकरला, पण टिकला. रघुजीने वर बघितलं नाही. वडिलांच्या वेळी त्याच खांद्याने हे वजन घेतलं होतं. नरसिंहाला अजून कळलं नव्हतं, बसवंत धापा टाकत होता, गर्दी टाळ्या वाजवत होती आणि पद्मावती हसत होती. तिच्याकडे बघत रघुजीने उरलेली फेरी पुरी केली, कारण तेवढी पावलं तरी तिला हसता येणार होतं.

तिरडी खाली ठेवली तेव्हा अप्पासाहेबांचे डोळे उघडेच होते, आभाळाकडे. रघुजीने ते मिटले आणि तिथेच बसून तो ढसाढसा रडला. सासऱ्यासाठीच रडला, त्यात खोटं काही नव्हतं. फक्त रडता रडता त्याचा हात आपोआप पायाकडच्या गाठीवर गेला, आणि त्याच्या मनात आलं, सरकली नाही. या विचाराची त्याला पुढे जन्मभर लाज वाटली. पद्मावतीला तो हे कधी सांगू शकला नाही.

त्याच तिरडीवरून अप्पासाहेब पेठेतून गेले. ती पुन्हा बांधायची गरजच पडली नाही. त्यानंतर बंगळूरच्या जुन्या घरांतून रघुजीकडे माणसं यायला लागली. यजमानांनी स्वतः झोपून पारखलेला माल म्हटल्यावर लाज कसली? सकवारबाई मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली, की बांधलेली तिरडी कुणाला तरी घेऊनच जाते, आणि तिच्याशी वाद घालायला आता कुणाला तोंड नव्हतं.

पुढे पुढे तर पेठेतले म्हातारे संध्याकाळी दुकानात येऊन आडवे पडून बघायला लागले. पाठीला लागत नाही ना, लांबी पुरते ना, सगळं विचारायचे. रघुजी कुणाला नाही म्हणायचा नाही. बसवंतही एकदा आला. तो आता यजमान होता आणि म्हाताराही झाला होता. चांगला ऐसपैस पसरला आणि म्हणाला, "रघुजीराव, जरा उचलून एक फेरी मारा की."

"झोपा हवं तेवढं, बसवंतअण्णा," रघुजी म्हणाला. "फेरी तेवढी मारणार नाही."