पाइपावरचे दोन ठोके

पहिल्या मजल्यावरचे मुकादमभाई रोज सकाळी आंघोळ उरकली की वरणाच्या डावाने न्हाणीघरातला गरम पाण्याचा पाइप ठोकतात. दोन ठोके. अर्थ असा, "मी निघालो, तुम्ही शिरा." मग दुसऱ्या मजल्यावरून मी लाटण्याने एक ठोका परत द्यायचा, "कळलं."

नातवंडांनो, तुमच्याकडे नळ फिरवला की गरम पाणी येतं, म्हणून हे समजावून सांगायला हवं. आमच्या गच्चीवर सौर बंब आहे. तिथून एकच पाइप सगळ्यांच्या न्हाणीघरांतून खाली उतरतो. रात्रभरात त्यातलं पाणी गार पडतं. ते सकाळी कुणीतरी काढून टाकल्याशिवाय गरम पाणी येत नाही. तो मान मुकादमभाईंनी स्वतःकडे घेतला. पाइपाच्या शेपटाला तेच राहतात; तिथवर ऊन पाणी पोचलं की वरच्या सगळ्यांना ते तयार. मात्र मग एकामागून एक लगेच आंघोळी करायच्या. मध्ये खंड पडला की पाइप पुन्हा गार! काढलेलं पाणी ते बादल्यांत धरतात. त्यावर त्यांचा मोगरा आणि माझी तुळस जगते.

"बाई, सूर्य बिल पाठवत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. तरुणपणी ते आखातात नोकरीला होते. तिथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं कढत यायचं, की ही मंडळी ते बंद गीझरमध्ये साठवून निवू द्यायची. "गीझर म्हणजे आमचा माठ!" हे सांगताना त्यांना अजून हसू आवरत नाही.

तिसऱ्या मजल्यावरचे सावंत आंघोळीला वेळ लावत. मग खिडकीतून हाक जायची, "सावंत, म्हैस धुताय काय?"

"मुकादमभाई, साबण तरी धुऊ द्या!"

शेवटी वैतागून सावंतांनी गीझर बसवला. मग चौथ्या मजल्यानेही. साखळीत उरलो मी आणि मुकादमभाई.

आणि गेल्या महिन्यात तुमच्या बाबांनी माझ्यासाठीही गीझर पाठवला. तो बसला त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी माझ्या सवडीने, कुणाच्याही ठोक्याविना, आंघोळ केली. केस पुसत होते तेवढ्यात पाइप वाजला. आता माझा काय संबंध, म्हणून गप्प राहिले. पुन्हा वाजला. मग बराच वेळ वाजतच राहिला. मग दाराची बेल.

दारात मुकादमभाई. खांद्यावर पंचा, कानामागे साबणाचा फेस, हातात डाव.

"बाई, तबियत बरी ना? जवाब नाही आला."

मी ओशाळून आत बोट दाखवलं. गीझरचा लाल दिवा इथूनही दिसत होता.

"अच्छा. मुबारक," ते म्हणाले. वळले, दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "मग मी आता घाई कुणासाठी करू?"

"आता निवांत आंघोळ करा की," मी म्हटलं.

"निवांत?" ते कठड्याला टेकले. "आखातात आठ माणसांत एक बाथरूम. बाहेरून कुणीतरी दार बडवतच असायचा. परत आलो तर घरात बीवी, झुबेदा. 'निघता का आता, की तिथेच बिस्तर घालू?' रोज! मी चिडायचो, बाई. ती गेल्यावर पहिल्या दिवशी आत बसलो, तर कुणी दारच ठोकेना. बाहेर कधी यायचं, तेच कळेना."

एवढं बोलून त्यांनी पंचाने कान पुसला आणि ते खाली गेले. मोगऱ्याला पाणी घातल्याचा आवाज आला, आणि मग दार लागल्याचा.

तुम्हाला ठाऊक आहे, तुमची आजी शिस्तीची. दुसऱ्याच्या आंघोळीत लक्ष घालणं मला शोभत नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी गीझरचं बटण बंदच ठेवलं. खाली पाणी पडू लागलं तशी लाटणं घेऊन उभी राहिले. नेहमीच्या ठोक्यांची वाट न बघता मीच पाइप ठोकला. एकदा, दोनदा, मग चांगला खणखणीत. आणि खिडकीतून ओरडले, "मुकादमभाई, निघताय का आता?"

खालचं पाणी थांबलं.

"आलो, आलो!" खालून आवाज आला. "काय ही घाई, बाई! माणसाला सुखानं आंघोळसुद्धा करू देत नाहीत!"