करारातलं उरलेलं कलम

साडूने फी निम्म्यावर आणल्याची बातमी मास्तरांना त्यांच्याच शिकाऊने दिली, तीही नाव काढून घेताना. संध्याकाळपर्यंत आणखी दोघं 'विचार करून सांगतो' म्हणून पूल ओलांडून गेले.

मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल पुलाच्या अलीकडे, साडूचं पलीकडे. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवून दोघंही दमले, तेव्हा त्यांनी रीतसर करार केला होता. फी दोघांची सारखी, अलीकडचे शिकाऊ मास्तरांचे आणि पलीकडचे साडूचे. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. चला, आता तरी बोलायला मोकळ्या झालो, म्हणून त्याही खूश होत्या.

मास्तर करार घेऊन तडक वकील भाचीकडे गेले.

"खेच त्याला कोर्टात! ढळढळीत करार मोडलाय."

भाचीने वाचलं आणि उठून दार लावलं. "मामा, हे कुणाला दाखवलं नाहीत ना?"

"फ्रेम करून ऑफिसात लावणार होतो."

"नका लावू. दोन धंदेवाल्यांनी मिळून भाव बांधायचे, गाव वाटून घ्यायचं, हे स्पर्धा कायद्यात बसत नाही. लोकांनी स्वस्त शोधायचं कुठे? कोर्टात गेलात तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील."

"म्हणजे मी फिर्यादी की आरोपी?"

"दोन्ही. एका खेपेत काम होईल."

मास्तरांनी हात झटकले. "मग फाडून टाक मेलं."

"सगळं फाडायची गरज नाही. बेकायदा कलमं तेवढी छाटायची. उरलेलं आपल्या पायावर उभं राहत असेल, तर ते टिकतं."

तिने पेन्सिल घेतली. फीचं कलम गेलं. पुलाचं गेलं. मास्तर खुर्चीत पुढेपुढे सरकत होते.

"अगं, 'सारखी फी' आहे तिथे 'साधारण सारखी' कर ना!"

"खोडता येतं मामा, नवं लिहिता येत नाही. आणि साधारण बेकायदा असं काही नसतं."

शेवटी एकच कलम शिल्लक राहिलं : दोघांपैकी कोणी आजारी पडल्यास दुसऱ्याने त्याच्या शिकाऊंना विनामोबदला शिकवावे.

"हे मात्र छान आहे. बिनतोड," भाची म्हणाली. "कुणी सुचवलं?"

"मीच," मास्तर पुटपुटले. "तेव्हा मला खोकला झाला होता."

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, भाऊजींची कंबर धरलीय. फीचा बोर्ड लावायला स्वतःच शिडीवर चढले होते. ताई विचारतेय, करारात काहीतरी आहे ना?"

मास्तर पुलापलीकडे गेले तेव्हा साडू पालथा पडला होता.

"सगळाच करार रद्द करू," मास्तर म्हणाले.

"असं कसं, साडूभाऊ? माझा वकील म्हणाला, बाकीचं पडलं तरी एवढं टिकतंय." साडूने उशीत तोंड खुपसून हसू दाबलं. "आणि जरा प्रेमाने शिकवा. माझ्या स्कूलचं नाव आहे."

दुसऱ्या दिवशी मास्तर साडूच्या गाडीत बसले. पहिला आला तो 'विचार करून सांगतो'वाला औषधदुकानदार. मास्तरांनी त्याला फुकटात गिअर शिकवले आणि दात इतके आवळले की त्याने उतरताना दाढदुखीची गोळी सुचवली. एकामागून एक, निम्मा अलीकडचा किनारा त्यांच्या शेजारी बसून गेला.

शेवटी दार उघडलं. स्टिअरिंगमागे बसली ती त्यांची बायको.

"तू? इथे?"

"फी भरलीय."

"घरचं ड्रायव्हिंग स्कूल असताना?"

"लग्न झाल्यापासून म्हणतेय, मला शिकवा. गाडी धुवायच्या पुढे गेलात कधी? भाऊजींनी फी कमी केली, मी नाव घातलं. आता सांगा, क्लच कुठला?"

मास्तरांच्या ओठांवर आलेलं वाक्य घरातलं होतं. ही दुसऱ्याच्या स्कूलची शिकाऊ. त्यांनी ते गिळलं.

"डावीकडचा. हळू सोडा. घाबरू नका."

गाडीने गचके खाल्ले आणि पुलाच्या मधोमध बंद पडली. मागे हॉर्नचा गोंगाट उसळला. मास्तरांनी खिडकीतून डोकं काढून अख्ख्या रांगेला दम भरला, "शिकतायत त्या! थांबा जरा!"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा किल्ली फिरवली. या वेळी गाडी सरळ निघाली. पूल संपला, वळण गेलं, मोकळा रस्ता लागला. तिच्या चेहऱ्यावर जे फुललं होतं, ते मास्तरांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"भाऊजी उठतील हो लवकर?" तिने समोर बघतच विचारलं.

"कंबरेचं दुखणं आहे," मास्तर घाईघाईने म्हणाले. "एवढ्यात उठलेलं बरं नव्हे. हं, तिसरा गिअर टाका."