मुकी पट्टी

घरच्या पियानोची मधली एक पट्टी मुकी होती. दाबली की सूर निघत नसे, नुसतं ‘ठक’ व्हायचं. पुढच्या महिन्यात दुरुस्त करू, असं घरातली मुलगी शाळेत असल्यापासून ठरत आलं होतं. त्यामुळे मोठेपणी तिने स्वतःची पहिली रचना बांधली, तेव्हा त्या ठकला टाळण्याऐवजी मधोमध मानाची जागा दिली. रचनेचं नाव, ‘दारावर कोणीतरी’.

ही रचना पहिल्यांदाच लोकांसमोर वाजायची होती, तीही एका नामवंत ज्येष्ठ वादकांच्या कार्यक्रमात, त्यांच्या आधी. दुपारी ती आईला घेऊन सभागृहात सरावाला गेली. तिथला पियानो ठणठणीत होता. ठकच्या जागी स्वच्छ, गोल सूर घुमत होता.

“दारावर कोणीतरी येऊ दे बाई,” आई म्हणाली, “पण त्यानं घंटेवरचं बोट काढायला नको का?”

पियानो जुळवणारे काका हत्यारं आवरत होते. ती त्यांच्याकडे गेली.

“काका, ही एक पट्टी जरा बिघडवून द्याल?”

“काय?” काकांनी कानाला हात लावले. “लोक मला बिघडलेली पट्टी नीट करायला बोलावतात, पोरी. माझ्या हातून हे व्हायचं नाही.” मग थोडं थांबून म्हणाले, “मी चहाला चाललोय. मला चहा सावकाश लागतो.”

आईच्या पर्समध्ये खोडरबर निघालं. त्या सुराला तारा तीन, म्हणून त्यांच्या दोन फटींत बसतील असे दोन तुकडे केले. पट्टी दाबली. ठक! मायलेकींनी एकमेकींना टाळी दिली.

संध्याकाळी पडदा उघडायच्या बेताला ज्येष्ठ वादक विंगेत आले. “आधी मी वाजवतो. शेवटच्या टाळ्या पोरीला मिळू देत.”

“नको सर! म्हणजे, पियानोत जरा...”

“घाबरतेस काय अशी?” तिच्या डोक्यावर हात ठेवून ते मंचावर गेलेसुद्धा.

त्यांनी संथ, हळवी चीज निवडली होती. ती चीज फिरून फिरून त्याच पट्टीवर येत होती.

ठक.

त्यांच्या भुवया वर गेल्या. पुन्हा ठक. त्यांनी विंगेतल्या काकांकडे पाहिलं, काकांनी छताकडे. “खोडरबर काढून आण ना!” आई कुजबुजली. “आता? त्यांच्या नाकासमोरून?” तिसऱ्या ठकला मात्र त्यांनी मान डोलावली आणि चौथा स्वतःहून जोरात मारला. शेवटी शेवटी ते पायानेही ठेका धरत होते. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

मग ती बसली. ठक जिथल्या तिथे पडला. टाळ्याही भरपूर मिळाल्या. ती खाली उतरली, तर पहिल्या रांगेतले एक चष्मेवाले गृहस्थ मायेने म्हणाले, “वाजवतेस छान. पण ठकठक ही त्यांची खासियत. तू स्वतःचं काहीतरी शोध, बाळा.”

तिचा चेहरा उतरला. “अहो, खोडरबर माझं, पट्टी माझ्या घरची, आणि...” आईने तोंड उघडलंच होतं. लेकीने चिमटा काढून ते बंद केलं.

तेवढ्यात ज्येष्ठ वादकांनी दोघींना कोपऱ्यात घेतलं. “पुढच्या कार्यक्रमातही माझ्याकडे ठकठकच मागतायत. मला कुठे येते ती? आज नुसता निभावलो. ती येते तुला. माझ्यासाठी एक रचना कर. वर नाव तुझं, चांगलं ठळक.”

ती बोलायच्या आत आईच म्हणाली, “करेल की! पण सरावाला आमच्याच घरी यावं लागेल.”

काका पियानोचं झाकण उघडून हे सगळं ऐकत उभे होते. खोडरबराचे तुकडे तळहातावर घेऊन त्यांनी बराच वेळ निरखले, इकडेतिकडे पाहिलं आणि आईजवळ येऊन हळूच विचारलं,

“ताई, हे कुठं मिळतं हो?”