पोत्यावरची मांड

आमचे दाजी व्हिडिओ गेम खेळायला बसत तेव्हा पायात लष्करी बूट चढवत आणि टीव्हीपुढं ज्वारीचं पोतं आडवं टाकून त्यावर घोड्यावर बसल्यासारखी मांड घालत. पलूसला त्यांच्या शेजारच्याच घरात राहून मी हे रोज बघितलंय. हसायची सोय नव्हती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पलटणीतून हवालदार होऊन घरी आले. "वीस वर्सं घोडी वळवली मी," असं सांगायचे. होती खेचरं, पण बोलायचं कुणी? घरात त्यांचं एकच पालुपद, "हुकूम म्हंजी हुकूम." अक्कानं भाजीत मीठ किती घालायचं, त्यालाही हुकूम. माझा या माणसावर राग होता आणि तो मी लपवत नाही.

तो गेम त्यांच्या पोराचा, विकासचा. दहावीत नापास झाला त्या दिवशी पोरगं टीव्हीपुढं सापडलं आणि दाजींनी त्याला मित्रांदेखत पट्ट्यानं फोडून काढलं. त्याच संध्याकाळी ते सांगलीला निघून गेलं, एका गॅरेजात लागलं. तीन वर्षं झाली, घरी पाऊल नाही. अक्का झुरून अर्धी झाली. आणि यांनी काय करावं? ट्रंकेतनं तो गेमचा डबा काढून टीव्हीला जोडला. म्हणे, "बापापरास ह्यात काय हाय एवढं, बघतोच की!"

गेममध्ये घोडा पळवत अडथळ्यांवरून उड्या मारायच्या. एक बटन चाबकाचं. दाजी पहिल्यापासून अंगठ्यानं तेच दाबून धरत. घोडा सुसाट सुटे आणि तिसऱ्या अडथळ्याला दमून कोसळे. "ऊठ! ऊठ रं हरामखोरा!" दाजी टीव्हीवर खेकसत. मला आतून उकळ्या फुटत.

एकदा राहवलं नाही. म्हटलं, "आवं दाजी, चाबूक सोडा की जरा. दम खाऊ द्या त्याला."

"मला नगा शिकवू, मास्तर."

पण त्यानंतर अंगठा उचलायला लागले. लय जड गेलं त्यांना, कपाळाला घाम यायचा. चार महिन्यांनी घोडा सगळे अडथळे ओलांडून शेवटाला पोचला. दाजी बराच वेळ पोत्यावरून उतरलेच नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, उद्या सांगलीला जायाचं. पोराला घिऊन यिऊ. त्येला सांगतो, मला जमलं."

डबा पिशवीत घालून सकाळच्या एसटीनं गेलो. विकास एका स्कूटरपाशी उकिडवा बसला होता. आम्हाला बघून उभा राहिला. मिसरूड फुटलेलं, बापापेक्षा उंच. दाजी पुढं झाले, डबा दाखवायला पिशवीत हात घातला, आणि विकासनं हातातला पाना टाकून दोन्ही हात तोंडापुढं आडवे धरले.

"न्हाई रं, न्हाई," दाजी पुटपुटले.

पोरगं ओशाळलं, मग चिडलं. "काय काम हुतं?"

"काय न्हाई. ह्ये तुझं ऱ्हायलं हुतं." पिशवी खाली ठेवून दाजी वळले.

परतीच्या एसटीत पलूस जवळ आलं. दाजी खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "मास्तर, एवढं मारलं व्हय मी?"

या प्रश्नाची मी तीन वर्षं वाट बघत होतो. उत्तर तोंडपाठ होतं. माझ्याच्यानं ते देववलं नाही.

स्टँडवर अक्का नवं लुगडं नेसून उभी होती. आम्ही उतरलो तरी ती आमच्यामागं दाराकडंच बघत राहिली, अजून कोण उतरतंय का म्हणून.