आबांचा उपास आणि कंबरेतली सुई

धुळ्यातल्या आमच्या दवाखान्यात कुत्र्याला कुठलं औषध टोचलंय, ते आबांच्या चहावरून कळतं.

आबा म्हणजे आमचे मोठे डॉक्टर. मागच्या पायाचं ऑपरेशन असलं की कुत्र्याला गुंगी देऊन ते कंबरेत, मणक्यांच्या फटीत सुई देतात आणि मागचा भाग बधिर करतात. मग ते जनावर पुन्हा पायांवर उभं राहीपर्यंत चहाला शिवत नाहीत. एरवी दर पेशंटमागे एक कप.

औषधं दोन. लिग्नोकेन पटकन चढतं, पटकन उतरतं. ब्युपिवाकेन सावकाश चढतं, पण दुखणं बराच वेळ लांब ठेवतं. आबांनी सगळं जग या दोन बाटल्यांत वाटून टाकलंय. भुसावळचा जावई आला न आला की निघतो, म्हणून तो लिग्नो: "उना, हासना, गया!" मुक्काम ठोकणारी शिंदखेड्याची बहीण ब्युपी: "एकदाव उनी की जास नही." मी जळगावहून इथे नवीन डॉक्टर म्हणून आले, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "ही पक्की ब्युपी शे. टाइम लागी, पन चढी!"

मी खाली बघून हातमोजे नीट करत राहिले. खरं तर मला ते आवडलं होतं.

एकदा पाय मोडलेल्या कुत्र्याचा मालक म्हणाला, "आबा, लवकर उतरणारं द्या, मला बस गाठायची आहे."

"बस तुले गाठनी शे, मोडेल पाय त्याना शे!" आबा कडाडले आणि ब्युपीची बाटली उचलली. झाडलोट करणाऱ्या अक्कांनी चहाचं आधण उतरवलं. "आज कोनती एकादस, आबा?"

"ब्युपी एकादस!"

मग मागच्या महिन्यात राणीला रिक्षाने उडवलं. राणी आबांची तांबूस कुत्री. मांडीचं हाड मोडलं होतं. आबांनी सिरिंज हातात घेतली आणि परत ट्रेमध्ये ठेवली.

"डॉक्टर, तुम्ही द्या," ते मला म्हणाले. मला त्यांनी कधी डॉक्टर म्हटलं नव्हतं.

"कुठलं देऊ?"

"बठ्ठं मालेच इचारशी का?"

म्हणजे सगळंच त्यांना विचारायचं नव्हतं. मी ब्युपी घेतलं. सुई आत सरकताना, नेमक्या जागी पोचल्याची खूण म्हणून आबांनी शिकवलेला तो बारीकसा 'टप्' बोटांना जाणवला आणि मला ओरडावंसं वाटलं! औषध गेलं. थांबलो. मग मी तिच्या बोटांच्या बेचक्यात चिमटा काढला. पाय हलला नाही.

"दुखत नाही तिला, आबा."

तेव्हा कुठे त्यांनी हातमोजे चढवले. हाड त्यांनीच बसवलं, झकास.

पण नंतर संध्याकाळ झाली तरी राणी उठेना. ब्युपीला वेळ लागतो हे जगाला सांगणारे आबा मलाच विचारू लागले, "जास्त तर नही ना गयं?" मी पुन्हा डोस पडताळला. बरोबर होता. तरी बाटली उजेडात धरून पुन्हा वाचली.

आबा फरशीवर तिच्याजवळ बसले. त्यांना वाटलं, मी बाहेर गेलेय. "ऊठ ना माय," ते हळूच म्हणाले. "तुनासिवाय मना घरमा कोन शे?"

आधी शेपूट हललं. मग राणी डगमगत, दुखरा पाय उचलून, उभी राहिली.

"उठनी! उठनी!" आबा लहान मुलासारखे ओरडले. अक्का चहा घेऊन धावल्या. आबांनी अर्धा बशीत ओतला आणि कप माझ्याकडे सरकवला.

"ले. तुले बी उपास व्हता ना?"

मी कुणालाच सांगितलं नव्हतं.