पुरावा अपुरा

बाबांनी मुलीचा व्हिसा पुन्हा एकदा नाकारला, तेव्हा त्यांच्या पाठीमागे दूध उतू जात होतं.

"पुरावा अपुरा," स्वयंपाकघरातून बाहेर ताटं सरकवायच्या खिडकीमागून ते म्हणाले. "पुढचा अर्जदार!"

पुढचा अर्जदार म्हणजे आई. तिला गॅस बंद करायचा होता, पण दाराला आतून कडी होती. "अहो, दूध! दार उघडा, नाहीतर मी चालले माहेरी."

"परत येशील कशावरून?" बाबा सवयीने बोलून गेले, आणि मग मुकाट्याने उठून त्यांनी कडी काढली.

बाबा विमा कंपनीत दावे तपासायचे. जळालेली दुकानं आणि चोरीला गेलेल्या गाड्या पाहण्यात त्यांची हयात गेली होती. समोरचा रडायला लागला की ते पेनाचं टोपण काढत. घरात कुणाचं पोट दुखलं तरी आधी "कधीपासून? आणि कुणी पाहिलं?" हे विचारून मगच ओव्याची डबी हलायची.

मुलगी सांडपाणी शुद्ध करण्याचं शास्त्र शिकत होती. परदेशी कॉलेजबरोबरच्या अदलाबदलीच्या योजनेत तिची निवड झाली होती: ही सहा महिने तिकडे, तिकडची एक मुलगी सहा महिने यांच्या घरी. महिनाअखेर व्हिसा मिळाला नाही तर जागा प्रतीक्षायादीतल्या मुलाला जाणार होती, आणि तो मुलगा हल्ली तिच्या तब्येतीची फार चौकशी करायचा. व्हिसाच्या मुलाखतीत एकच गोष्ट बघतात, परत येणार की नाही, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. तेवढं बाबांना पुरलं.

"परत येशील कशावरून?"

"आईबाबा इथे आहेत."

"जे परत आले नाहीत, त्यांनाही आईबाबा होते. पुढे?"

"आजी आजारी असते."

"कोण आजारी?" आतल्या खोलीतून आजीचा आवाज आला. "काल जिना तुझ्या बापाच्या आधी चढले मी!"

"साक्षीदार फुटला," बाबा म्हणाले. "नामंजूर."

आई वैतागली. "पोटच्या पोरीवर विश्वास नाही तुमचा?"

"मुलीवर आहे. अर्जदारावर नाही."

तालीम सकाळ-संध्याकाळ चालू राहिली. परिणाम असा झाला, की मुलीच्या तोंडात दुसरं वाक्य राहीना. वाण्याने "काय देऊ?" विचारलं, तर ती म्हणाली, "मी नक्की परत येणार आहे." वाण्याने उधारी मागतेय असं समजून वही पुढे ओढली.

मुलाखतीच्या दिवशी बाबांना फाटकाबाहेरच थांबवलं. आत काचेमागच्या बाईंनी विचारलं, "विषय कोणता?"

"मी नक्की परत येणार आहे."

बाईंनी मान वर केली. "हे मी अजून विचारलेलं नाही."

मुलीचे कान तापले. महिनाअखेर, ती जागा, तो प्रेमळ चौकशी करणारा मुलगा, सगळं डोळ्यांपुढून सरकलं.

"कुणी पढवलं?" बाईंनी विचारलं.

"वडिलांनी. ते रोज स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून माझा व्हिसा नाकारतात."

"कारण?"

"पुरावा अपुरा."

बाईंनी कागद उलटले. "आणि अशा घरात तुम्ही परत येणार?"

"यावंच लागेल," मुलगी कंटाळून खरं बोलली. "त्यांनी अजून एकदाही मंजूर म्हटलेलं नाही. ते ऐकल्याशिवाय सोडणार नाही मी."

बाईंनी पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतला. ठेवून घेतला म्हणजे व्हिसा मिळाला.

"मी फाइलीत लावलेले आजीचे रिपोर्ट पाहिलेच नाहीत?" बाबा फाटकापाशी कळवळले. "असा तपास करतात?"

संध्याकाळी तिकडच्या मुलीच्या वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. आपली लेक कुठे राहणार, ते त्यांना पाहायचं होतं. गृहस्थांच्या मांडीवर जाडजूड फाइल होती. ती बघताच बाबांना घाम फुटला. चष्म्यावर वाफ धरली म्हणून त्यांनी तो काढून ठेवला; आता पडदा त्यांना धूसरच दिसत होता. त्यांची भाषा घरात एकट्या मुलीला येत होती.

"बाबा, ते विचारतायत, त्यांच्या मुलीला नीट सांभाळाल कशावरून?"

"अहो, आम्ही साधी माणसं..."

मुलगी पडद्याकडे वळून काहीतरी बोलली, मग परत बाबांकडे. "ते म्हणतायत, साधी सगळीच असतात. पुढे?"

"घरात तिची आजी आहे. म्हणजे आमची. ठणठणीत आहे!"

"हे लेखी आहे का, विचारतायत."

बाबांनी रुमालाने मान पुसली. "तूच सांग ना काहीतरी."

"अर्जदाराने स्वतः बोलायचं असतं, बाबा. आता शेवटचा प्रश्न. तुमची स्वतःची मुलगी परत येणार, याची खात्री आहे का तुम्हाला?"

"आहे."

"कशावरून?"

बाबांनी शर्टाच्या खिशाकडे हात नेला, तिथे पेनही नव्हतं. "कशावरून म्हणजे? माझी मुलगी आहे ती. सांग त्यांना. मंजूर म्हणून सांग!"

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "सांगते."

आई खिडकीतून चहाचे कप सरकवत होती. तिला पडदा सरळ समोर दिसत होता. ते गृहस्थ मघाशीच बोटांनी 'दोन मिनिटं' अशी खूण करून, फाइल ठेवून, उठून गेले होते. पडद्यावर केव्हाची नुसती खुर्ची होती.

आईने बाबांचा चष्मा उचलला आणि पदराने सावकाश पुसत बसली.