वीस निरर्थक शब्दांची रोवणी

मुलं विसरणार, याबद्दल रुचिताला तिळमात्र शंका नव्हती. शिकणं आणि आठवणं या विषयावर नागपुरात पीएचडीची आठ वर्षं घासल्यावर दिघोरीच्या शाळेतला हा शेवटचा प्रयोग तेवढा उरला होता. झोमट, तिरक, बुकाळ, केसूप असे वीस निरर्थक शब्द. पाचवीच्या अर्ध्या मुलांना ते रोज विचारायचे, बाकीच्यांना एकदाच वाचायला द्यायचे. आठवड्याने पहिल्यांना आठवणार, दुसरे विसरणार, आणि शाळेत कसं शिकवावं ते रुचिता साऱ्या जगाला सांगणार!

मुक्काम शकुनमावशीकडे. मावशीला तिने एवढंच सांगितलं होतं, की ही माझी शेवटची परीक्षा, आणि सगळं या पोरांवर आहे.

आठव्या दिवशी रोज विचारलेल्या मुलांनी चौदा-पंधरा शब्द लिहिले. रुचिता खूश. मग दुसऱ्या गटाचे कागद आले. वीसपैकी वीस. सगळ्यांचे! नक्कल म्हणावी, तर करणार कोणाची? पहिल्या गटाला तर तेवढे येतच नव्हते.

डोकं धरून ती शाळेबाहेर आली. समोरच्या धानाच्या बांधीत आजच रोवणी लागली होती; चिखलात वाकून पंधरा बाया धान रोवत होत्या आणि एका सुरात गात होत्या, "झोमट वं बाई तिरक, बुकाळ वं बाई केसूप..."

गाणं उचलून देत होती शकुनमावशी.

हे काय, असं रुचिताने विचारल्यावर मावशीने कंबर सरळ केली. "अर्ध्या पोट्ट्यायले तू रोज विचारे. बाकीच्यायनं काय पाप केलं होतं? तुह्या कागदावरून उतरून घेतलं, गाणं बसवलं. त्यायच्या मायबाया माह्याच रोवणीत हायेत, घरी रोज पोट्ट्यायकडून म्हणवून घेतलं. मारोतीले नवस बी बोलली, एकही पोट्टा विसरू नोको म्हणून. तुले फेल कशी होऊ देऊ?"

"मावशी, ते विसरायला पाहिजे होते."

पंधरा बायांचे हात थांबले. एवढं शिकलं की डोक्यावर ताण येतो, असं रोवणाऱ्यांतली आनंदाबाई शेजारणीला हळूच म्हणाली.

रुचिताने नागपूरच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. ते म्हणाले, नवे शब्द घ्या, नवं गाव घ्या, यानंतर संधी नाही. विसर पडावा म्हणून कोणत्या देवाला साकडं घालतात, ते रुचिताला ठाऊक नव्हतं. तिने वीस नवे शब्द लिहून कागद पर्सच्या तळाशी ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मावशीला, उद्या सानगडीला मैत्रिणीकडे जाते, एवढंच सांगितलं; तेच नवं गाव आहे, हे नाही.

निघताना मावशीने नवसाचं खोबरं तिच्या हातावर ठेवलं.

"सानगडीले माही ननंद राह्यते. तिची पंचवीस बायांची रोवणी हाये. तुह्या पर्समधला नवा कागद मी तिले कालच फोनवर वाचून देल्ला. बिनघोर जाय, बाई."